घड्याळाच्या धाकातला नेम

मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले आणि पहिले आयुक्त म्हणून सदानंद दाते आले. ठाणे ग्रामीण आणि पालघर पोलिसांच्या हद्दीतली ही पट्टी तोवर माणसांनी गच्च भरली होती. २०११च्या जनगणनेत एकट्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. नव्या आयुक्तांच्या नावाशी लोकांच्या मनात एक रात्र जोडलेली होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात दाते मोजक्या सहकाऱ्यांसह कामा रुग्णालयाच्या सहाव्या मजल्यावर पोहोचले, तेव्हा वर गच्चीत अजमल कसाब आणि अबू इस्माईल हे दहशतवादी होते. वरून एके-४७चा मारा झाला, हातबॉम्ब आले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर तिथे धारातीर्थी पडले. दाते जखमी झाले, पण जागा सोडून हटले नाहीत.

अशा वेळी हातात शस्त्र असलेल्या माणसाला किती सेकंद मिळतात? त्या सेकंदांत त्याचा नेम कितपत टिकतो? आणि हे आधीच तपासण्यासाठी घड्याळ लावून ज्या चाचण्या घेतल्या जातात, त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा? खेळाने, सैन्याने आणि पोलिसांनी या प्रश्नांची आपापली उत्तरे शोधली आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली की मला एक गोष्ट फार ठळकपणे दिसते. वेळेच्या ताणातली नेमबाजी महाराष्ट्राने खेळाच्या मैदानावर जगाच्या तोडीची कमावली. आपल्या रस्त्यांवर जे शस्त्र बाळगतात त्यांच्यापर्यंत मात्र ती विद्या पुरेशी पोहोचली नाही.

पोलिसांच्या वार्षिक गोळीबार सरावाची बातमी बहुतेक जिल्ह्यांत लोकांना एका छोट्या सूचनेतून कळते: अमुक तारखांना अमुक मैदानावर सराव आहे, नागरिकांनी व गुराख्यांनी त्या भागात जाऊ नये. चांदमारीवर आडवे पडून किंवा उभे राहून, हुकूम मिळाला की ठरलेले राउंड झाडायचे, मग टार्गेटवरची भोके मोजायची, पुंगळ्या गोळा करून हिशेब द्यायचा. लष्करी शिस्तीच्या अभ्यासक्रमात ग्रुपिंग आणि ॲप्लिकेशननंतर स्नॅप आणि रॅपिड असे टप्पे असतात. स्नॅपमध्ये टार्गेट क्षणभर वर येते आणि खाली जाते, रॅपिडमध्ये ठरावीक वेळात ठरावीक गोळ्या संपवायच्या असतात. म्हणजे वेळेची कल्पना या शिक्षणात मुळातच आहे. प्रश्न आहे तो किती वेळा, किती गांभीर्याने आणि नोंद ठेवून ती वापरली जाते याचा. वर्षातून एकदा झाडलेल्या मूठभर राउंडांतून माणूस घड्याळाखाली कसा वागतो हे कळत नाही. त्या दिवशी त्याचा हात बरा होता, एवढेच कळते.

घाई झाली की नेम का चुकतो, याचा अभ्यास फार जुना आहे. रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९९मध्ये माणसांना ठेक्याच्या यंत्राच्या तालावर रेघा ओढायला लावल्या. ताल वाढला तशा चुका वाढल्या. पण डोळे मिटून रेघा ओढल्या, तेव्हा वेगाने फारसा फरक पडला नाही. चुका आधीपासूनच मोठ्या होत्या. याचा अर्थ असा की अचूकपणा येतो तो डोळ्याने वाटेत केलेल्या दुरुस्तीमुळे, आणि दुरुस्तीला वेळ लागतो. १९५२मध्ये विल्यम हिक यांनी दाखवले की निवडीचे पर्याय वाढले की माणसाच्या प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. १९५४मध्ये पॉल फिट्स यांनी लक्ष्याचा आकार, अंतर आणि हालचालीला लागणारा वेळ यांचे गणितच मांडले: लक्ष्य जितके लहान किंवा लांब, तितका वेळ जास्त.

नेमबाजीत ही तिन्ही सूत्रे एकाच श्वासात लागू होतात. धोका ओळखायचा, शस्त्र लक्ष्यावर आणायचे आणि चाप ओढायचा. पहिल्या दोन गोष्टी सरावाने जलद होतात. तिसरी फसवी आहे, कारण घाई झाली की बोट चाप दाबत नाही, हिसकते. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर असते. हिसक्याने पुढची साइट फक्त १ मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरहून अधिक सरकते. वेगवान फेरीच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यासच १० सेंटिमीटर असतो. मधोमध धरलेला नेम एका मिलिमीटरने दहाच्या बाहेर जातो, म्हणून घड्याळ लावलेली चाचणी म्हणजे मुख्यतः बोटाची चाचणी असते. पायांचा, खांद्याचा, श्वासाचा सगळा अभ्यास अखेर त्या बोटाला घाईतही शांत ठेवण्यासाठी असतो.

बंदुकीला घड्याळ लावण्याची कल्पना मात्र मानसशास्त्राहून कितीतरी जुनी आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची आणि मग चाप ओढायचा. या साऱ्याला लागणाऱ्या वेळावर लढाया हरल्या-जिंकल्या जात. चकमकीच्या बंदुकीने कवायती पायदळ मिनिटाला दोन-तीन फैरी झाडू शके, आणि महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द बॉयनकडून उभारून घेतलेल्या पलटणींचे बळ याच शिस्तीत होते. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रिटिश पायदळाने हे आणखी पुढे नेले. १९०९च्या नियमांनुसार शिपायाला ३०० यार्डांवरच्या टार्गेटवर एका मिनिटात १५ गोळ्या नेम धरून मारायच्या असत. ‘मॅड मिनिट’ या नावाने ती चाचणी पुढे प्रसिद्ध झाली. हातातली रायफल होती .३०३ ली-एनफिल्ड: प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा आणि दहाचे मॅगझिन संपले की पाच-पाचच्या क्लिपांनी भरायचे. १९१४मध्ये मॉन्स इथे समोरच्या जर्मनांना आपल्यावर मशीनगनचा मारा होतो आहे असे वाटले, अशी कथा सांगितली जाते. कथा थोडी फुगवलेली असेल, पण तो सराव खरा होता आणि त्याची वर्गवारी शिपायाच्या नावावर चढत असे.

थ्री-नॉट-थ्रीचे हे घराणे आपल्याला परिचित आहे. २००८मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांच्या हाती हीच जुनी रायफल होती. हल्ल्यानंतर सगळा राग त्या रायफलीवर निघाला आणि तो गैर नव्हता. स्टेशनच्या हॉलमध्ये, जवळच्या अंतरावर, एके-४७समोर ती तोकडीच पडणार. पण रायफल बदलली की प्रश्न सुटला, या समजुतीशी मी सहमत नाही. हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याच्या टंचाईकडेही लक्ष वेधले होते. तिच्यामुळे जलद प्रतिसाद पथकाच्या गोळीबार सरावात मोठा खंड पडला होता. नवे शस्त्र खरेदी करता येते, त्याचे फोटो छापून येतात. सरावाचे राउंड खर्ची पडतात आणि कोणाला दिसत नाहीत. त्यामुळे अंदाजपत्रकात कात्री लागते ती आधी तिथेच. २६/११नंतर फोर्स वन हे विशेष पथक उभे राहिले, शस्त्रे आली, निवडक पथकांचे शिक्षण सुधारले. परंतु गोळी सुटते तेव्हा तिथे पहिला पोहोचतो तो जवळच्या पोलीस ठाण्याचा माणूस. फोर्स वन गोरेगावात आहे. तिथून माणूस काशिमीऱ्याला किंवा उत्तनला पोहोचेपर्यंत पहिली काही मिनिटे स्थानिक ठाण्याचीच असतात.

खेळाने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला सर्वांत सुंदर वाटते, आणि ते उत्तर लिहिणाऱ्यांत मराठी माणसे आहेत. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची रचना पाहा. पहिल्या ३० गोळ्या संथ असतात: पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या ३० गोळ्यांना खरी कसोटी लागते. खेळाडू हात ४५ अंशांत खाली धरून उभी राहते. सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा. त्या तीन सेकंदांत हात वर, नेम, एक गोळी. पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद. असे पाच वेळा झाले की एक मालिका होते. दिवा लागण्याआधी हात उचलला तर आधी ताकीद, मग गुण कापले जातात. चांगली खेळाडू हात वर येत असतानाच चापावरचा भार वाढवू लागते आणि साइट टार्गेटवर स्थिरावतात त्याच क्षणी गोळी सुटते. साइट स्थिर झाल्यावर चाप ओढायला सुरुवात करणारीला तीन सेकंद कायम अपुरे पडतात.

या चाचणीची खरी करामत मधल्या सात सेकंदांत आहे. मागची गोळी आठवर गेली हे पडद्यावर दिसलेले असते, आणि पुढची गोळी त्या आठवणीशिवाय मारायची असते. वेळेचा ताण फक्त घाईतून येत नाही, असा हा मोठा धडा आहे. वाट पाहण्यातही तो असतो, आणि सक्तीच्या वाट पाहण्यात तो जास्त असतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी हा प्रकार जसा पेलला तसा भारतात फार थोड्यांनी पेलला असेल. २०१३मध्ये कोरियातल्या चांगवान इथे त्यांनी विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. पिस्तूल प्रकारात असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०१४मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा सुवर्ण, आणि तिथे रौप्य मिळवणाऱ्या अनिसा सय्यदही पुण्यातूनच घडलेल्या. पण मला परत परत पाहावीशी वाटते ती २०१८च्या आशियाई स्पर्धेतली पालेम्बंगची अंतिम फेरी. राही आणि थायलंडची नफस्वान यांगपाइबून दोघींचे ३४ गुण झाले. शूट-ऑफ झाला, पाचपैकी चार-चार लागले, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहींचे तीन लागले, प्रतिस्पर्धीचे दोन. या अंतिम फेरीत प्रत्येक गोळी तीन सेकंदांचीच असते आणि १०.२च्या आत नसेल तर शून्य धरली जाते. दोघींचाही नेम शेवटी उतरत गेला, हे आकड्यांवरून स्पष्ट आहे. राहींचा जरा कमी उतरला. ताणाखाली नेम वाढत नाही, कमी-जास्त घसरतो. चाचणीने मोजायचे असते ते हे घसरणे. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

मुंबईची परंपराही तितकीच मोलाची आहे. अशोक पंडित यांनी १९९०मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. त्या प्रकारातही अर्ध्या गोळ्या संथ आणि अर्ध्या तीन सेकंदांच्या असतात. त्यांचे पुत्र रोनक पंडित यांनी २००६मध्ये मेलबर्न इथे समरेश जंग यांच्यासोबत स्टँडर्ड पिस्तुलाच्या जोडीचे सुवर्ण मिळवले. स्टँडर्ड पिस्तुलाचा हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. पण पोलीस शिक्षणासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही. पाच गोळ्यांना आधी १५० सेकंद, मग २० सेकंद, मग १०. तेच शस्त्र, तेच अंतर, तोच माणूस, फक्त वेळ आवळत नेलेली. तीन टप्प्यांचे गुण शेजारी लिहिले की माणसाचा आलेख समोर येतो. १५० सेकंदांतच विखुरणाऱ्याला नेमाचा पाया शिकवायला हवा. २० सेकंदांपर्यंत ठीक असून १०ला कोसळणाऱ्याचा प्रश्न चापाचा आहे. दोघांना एकाच सरावाला उभे करण्यात वेळही जातो आणि राउंडही.

पुरुषांच्या रॅपिड फायर पिस्तुलात पाच टार्गेटांवर पाच गोळ्या मारायच्या असतात, आधी ८ सेकंदांत, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत. लंडनमध्ये २०१२ साली विजय कुमार यांनी याच प्रकारात रौप्य मिळवले. ते सैन्यातले, महूच्या मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेले. याच प्रकारात हंगेरीच्या कारोली ताकाच यांची गोष्ट आहे. १९३८मध्ये हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला, त्यांनी डाव्या हाताने नव्याने सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णे जिंकली.

संथ समजल्या जाणाऱ्या प्रकारांतही घड्याळ असतेच. २०२४मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्य जिंकले, त्याच्या पात्रता फेरीत तीन स्थितींत ६० गोळ्यांना ९० मिनिटे होती. वारा पाहायचा, स्थिती बदलायची, जाकिटाचे पट्टे सैल-घट्ट करायचे, हे सगळे त्यातच. तिथे सेकंदाचा नव्हे, दीड तासाचा हिशेब सांभाळावा लागतो. पोलिसांसाठी हा प्रकार फारसा उपयोगाचा नाही, म्हणून इथे थांबतो.

अमेरिकेत वेगळी शाखा निघाली. जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९७६मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया इथे आयपीएससी ही व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. अचूकता, शक्ती आणि वेग ही तिची त्रिसूत्री. कूपर यांचीच ‘एल प्रेसिडेंटे’ नावाची कवायत जगभर गाजली: तीन टार्गेटांकडे पाठ करून उभे राहायचे, इशारा झाला की वळायचे, प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचे, पुन्हा प्रत्येकावर दोन. बारा गोळ्यांना दहा सेकंद ही चांगल्या नेमबाजाची वेळ मानली गेली. पुढे शॉट टायमर आला. कमरेला लावायचे छोटे यंत्र. ते अनियमित अंतराने बीप करते, म्हणजे आधीच अंदाज बांधता येत नाही, आणि प्रत्येक गोळीचा आवाज टिपून पहिली गोळी किती वेळात सुटली व पुढच्या दोन गोळ्यांत किती अंतर होते, हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगते.

यंत्र उत्तम आहे. माझा आक्षेप गुण देण्याच्या पद्धतीवर आहे. आयपीएससीत गुणांना वेळेने भागतात. साठपैकी साठ गुण दहा सेकंदांत मिळाले तर भागाकार येतो ६. तेच ५४ गुण आठ सेकंदांत मिळाले तर ६.७५. म्हणजे सहा गुण गमावणारा जिंकतो. खेळात हे मान्य आहे, कारण हरवलेले गुण कागदावरच राहतात. मीरा रोड स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी सातच्या गर्दीत हुकलेली गोळी मात्र कुठेतरी जाऊन लागते. भाजीच्या टोपलीला लागो, रिक्षाच्या काचेला की माणसाला, ती झाडणाऱ्याच्या नावावर जमा होते. म्हणून खेळाचे टायमर घ्यावे, खेळाचा भागाकार घेऊ नये. पोलीस चाचणीत वेळेची एक मर्यादा असावी आणि तिच्या आत अचूकता संपूर्ण हवी. मर्यादेच्या आत आणखी जलद झाल्याबद्दल काहीही जास्तीचे देऊ नये.

आणखी एक सावधगिरी. त्याच कवायती महिनोन्महिने केल्या की हात त्या पाठ करतो. मग वेळ सुधारत जातो आणि सुधारते ती फक्त कवायत. डावे-मधले-उजवे हा क्रम रोज तोच असेल तर डोळ्याला निवड करावी लागत नाही, आणि हिक यांनी मोजलेला निवडीचा वेळ चाचणीतून गायबच होतो. चाचणीचा क्रम दर वेळी बदलायलाच हवा.

हौशी वाचकांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशी चित्रफितींत दिसणाऱ्या या कवायती आपल्याकडे घरी, शेतात किंवा खाडीकाठी करण्याचा विचारही करू नये. १९५९चा शस्त्र कायदा कडक आहे, ९ मिलिमीटर पिस्तूल सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते, आणि सराव हा मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचा असतो. त्यासाठी जागा आहेत. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी आहे. तिथे एअर पिस्तुलाने सुरुवात करता येते.

खऱ्या गोळीबारात काय घडते, याची आकडेवारी अमेरिकेत मिळते. न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाचा रँड या संस्थेने २००८मध्ये अभ्यास केला. समोरचा गोळीबार करत नसेल तर पोलिसांच्या ३० टक्के गोळ्या लागल्या. तो उलट झाडत असेल तर १८ टक्के. हे पोलीस नियमित पात्रता चाचण्या उत्तीर्ण झालेले होते. तरी समोरून गोळीबार होत असताना पाचपैकी चार गोळ्या चुकल्या, त्या शहराच्या रस्त्यावर.

याचे पुढचे पाऊल नेदरलँड्समध्ये पडले. आर्ने नियूवेनहाउस आणि राउल औडेयान्स या संशोधकांनी पोलिसांना दोन तऱ्हांनी शिकवले. एका गटाने नेहमीसारखा सराव केला, दुसऱ्याने रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडणाऱ्या माणसासमोर. आधी दोन्ही गटांचा नेम दडपणाखाली घसरत होता. अधिकारी घाईने झाडत, डोळे जास्त मिटत. २०११मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, भीतीखाली सराव केलेल्यांचा नेम दडपणातही टिकला आणि चार महिन्यांनीही टिकून होता. दुसऱ्या गटाचा टिकला नाही. मला यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘चार महिने’ हा वाटतो. वर्षातून एकदा होणाऱ्या सरावाला त्यात उत्तर आहे.

आता मीरा-भाईंदरकडे यावे. एका बाजूला समुद्र आणि खाडी, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मध्ये इमारती, मिठागरे आणि कांदळवन. रायफलची उघडी रेंज करायची तर बटच्या, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या बांधाच्या, मागे बराच पल्ला धोक्याचे क्षेत्र म्हणून मोकळा लागतो, आणि इथे तो काढायचा कुठून? दूरच्या रेंजवर तुकड्या नेणे म्हणजे बंदोबस्तातून माणसे काढणे. सणांच्या, निवडणुकांच्या आणि सभांच्या महिन्यांत हे होत नाही, हे कोणताही ठाणेदार सांगेल. म्हणून शहरी आयुक्तालयांसाठी बंदिस्त, १०-२५ मीटरची पिस्तूल रेंज हीच शहाणपणाची गुंतवणूक आहे. पोलिसांच्या रस्त्यावरच्या गरजेला हे अंतर पुरते, किंबहुना जास्तच होते.

आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे ड्राय सराव. शस्त्र दोघांनी तपासून रिकामे केलेले, राउंड वेगळ्या खोलीत, समोर भिंत, टायमरवर तीन सेकंदांची मर्यादा. हात वर, नेम, चाप. राही किंवा अंजली भागवत यांच्या पिढीतल्या कोणत्याही नेमबाजाला विचारा, खऱ्या गोळीपेक्षा रिकाम्या चापावर त्यांचे तास जास्त गेलेले असतात. पोलीस ठाण्यात हजेरीनंतरची दहा मिनिटे यासाठी काढता येतील. त्याला दारूगोळा लागत नाही, मंजुरीची फाइलही लागत नाही. लागतो तो शिकवू शकणारा एक माणूस. असे प्रशिक्षक राज्यात आहेत. राष्ट्रीय पातळीवर खेळलेले अनेक नेमबाज आज रेल्वेत, पोलिसांत, महसूल खात्यात नोकरी करतात. त्यांना वर्षातले काही आठवडे आयुक्तालयांकडे पाठवण्यात अडचण कसली?

एक भाग उरतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: न झाडलेली गोळी. वेळेच्या ताणाची चाचणी घेताना इशारा झाला की झाडायचे, एवढेच शिकवले तर आपण माणसाच्या हाताला वाईट सवय लावतो. मुंबईच्या चकमकींचा इतिहास महाराष्ट्राला चांगला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात नियम घालून दिले: पोलीस कारवाईत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवायचा, स्वतंत्र तपास करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करायची. म्हणजे प्रत्येक गोळीचा जाब द्यावा लागणार. मग चाचणीत तो प्रश्न का नसावा? आयपीएससीच्या स्पर्धेत ‘नो-शूट’ टार्गेटे असतात, त्यांना गोळी लागली तर गुण कापतात. पोलीस चाचणीत त्याहून पुढे जाता येईल. काही वेळा बीप झाल्यावर समोर हातात मोबाइल धरलेल्या माणसाचे चित्र यावे. काही वेळा शस्त्र उचलल्यावर ‘थांब’ असा इशारा यावा, आणि बोट चापावरून बाजूला गेले की नाही ते पाहावे. काही वेळा हल्लेखोराच्या मागे मूल उभे असावे, आणि योग्य उत्तर एक पाऊल बाजूला सरकून मग झाडणे हे असावे. अशा चाचणीत काहींचा वेळ वाढेल. तो वाढू द्यावा. वेळेची मर्यादा ठरवणाऱ्याने या पावलासाठी जागा ठेवलेली असली पाहिजे.

मग नोंदवहीत काय लिहावे? नाव, शस्त्र, अंतर, पहिल्या गोळीपर्यंतचा वेळ, लागलेल्या गोळ्या, हुकलेल्या गोळ्या, आणि शेवटच्या रकान्यात योग्य वेळी रोखलेल्या व रोखायच्या असूनही सुटलेल्या गोळ्या. १५०, २० आणि १० सेकंदांचे तीन टप्पे दर चार महिन्यांनी, दर वेळी चित्रांचा क्रम बदलून. पहिल्या वर्षी कोणालाही नापास करू नये आणि बदल्यांशी या आकड्यांचा संबंध जोडू नये, नाहीतर वहीत खोटे वेळ चढतील. एका वर्षानंतर आयुक्तांसमोर आपल्या माणसांचा खरा आलेख असेल: कोणाला पायापासून शिकवायचे, कोणाचे फक्त बोट सुधारायचे, आणि रात्रपाळीच्या गाडीत शस्त्र घेऊन आज कोणाला बसवायचे.